वरचे नऊ सेकंद

व्हर्डेल गेन्स शिडीपाशी आली तेव्हा तिच्या हातात झाडू होता. परीक्षा आहे म्हणून तिला झाडूकामातून पाच मिनिटंही आधी सोडलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, झाडू टेकवायला जागा दिसेना, तेव्हा तो सरळ फोरमन हॅगर्टीच्या हातात दिला आणि ती शिडी चढायला लागली. हॅगर्टीने तो घेतला, आणि घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय घेतलंय. भोवती जमलेल्या तीसेक कामगारांतून कुणीतरी हसलं. त्याने झाडू जमिनीवर टाकून दिला.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो, हातात स्टॉपवॉच घेऊन.

ही पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ओहायो नदीकाठच्या एका पोलाद कारखान्यात मी टाइम स्टडी विभागात होतो. कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे मोजायचं आणि फॉर्मवर लिहायचं, एवढंच माझं काम. सांगलीहून इंजिनियर होऊन अमेरिकेत शिकायला गेलो होतो, आणि शिक्षण संपल्यावर ही नोकरी मिळाली होती. कारखान्यात पाच हजार माणसं होती आणि भारतीय मी एकटा. गोरे कामगार जेवायला माझ्याबरोबर बसत नसत, आणि काळ्यांबरोबर मी बसत नसे. मी काळा नाही हे तिथल्या लोकांच्या लक्षात राहावं, याची मी काळजी घेत होतो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ती शहाणपणाची गोष्ट वाटत होती.

काळ्या माणसांना त्या कारखान्यात एकच जागा होती, कोळसा भाजणाऱ्या कोक भट्ट्या. तिथली धग आणि धूर गोऱ्यांना नको असायचा. काळ्या बायका फक्त झाडूवाल्या. क्रेन हे सगळ्यात वरचं काम, कारखान्याच्या उतरंडीतही आणि खरोखरच्या उंचीतही. छताखाली साठ फुटांवर रुळांवरून क्रेन फिरायची, तिच्या केबिनमध्ये बसून ऑपरेटर वितळलेल्या पोलादाचं शंभर टनी भांडं शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचा. त्या केबिनमध्ये आजवर गोऱ्या पुरुषाखेरीज कुणी बसलं नव्हतं. नुकताच सरकारच्या दट्ट्याने नियम बदलला होता. नोटीस बोर्डावर जागा लागली की कुणीही नाव द्यावं, परीक्षा द्यावी. बोर्डावरच्या यादीत व्हर्डेल गेन्सचं नाव पहिलं होतं. सदतीस वर्षांची, उंच, खांदे भरलेले, अलाबामातून लहानपणी उत्तरेकडे आलेली. आठ वर्षं ती त्याच क्रेनखाली, क्रेन कशी हलते आणि थांबते ते बघत, झाडत होती.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि तिने तळहात पाहिला. कुणीतरी शिडीला ग्रीस फासून ठेवलं होतं. ती खाली उतरली, कमरेचं फडकं काढलं आणि एकेक पायरी पुसत वर निघाली. बहात्तर पायऱ्या होत्या. खालून कुणी काही बोललं, शिट्ट्याही झाल्या. ती ज्या संथपणे पुसत होती त्यावरून तिला ते ऐकू येत नसावं असं वाटलं, पण येत असणारच. हॅगर्टीने मला घड्याळ चालू करायला सांगितलं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे वेळ क्रेनचा आकडा, म्हणजे हुक, हलल्यापासून सुरू होते. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

परीक्षा साधी होती. दहा टनी ठोकळा उचलायचा, शेडच्या टोकापर्यंत न्यायचा, तिथल्या खडूच्या वर्तुळात ठेवायचा, पुन्हा उचलून जागेवर आणायचा. हे सगळं सहा मिनिटांत, आणि ठोकळा झोके घेता कामा नये. नवखा माणूस क्रेन थांबवतो तेव्हा ठोकळा पुढे झुलतो, मग तो स्थिर होईपर्यंत वेळ जातो. व्हर्डेलचा ठोकळा झुललाच नाही. क्रेन थांबायच्या क्षणी ती किंचित पुढे सरकवायची, तिच्या आकड्याखाली तो ठोकळा मुकाट उभा राहायचा. शिट्ट्या मारणारे गप्प झाले. त्यांच्यातल्या निम्म्यांनी क्रेनखाली आयुष्य काढलं होतं, त्यांना कळत होतं आपण काय बघतोय.

ठोकळा टेकला. मी घड्याळ थांबवलं. हॅगर्टीने विचारलं, किती?

मी फॉर्मवर लिहिलं, सहा मिनिटं नऊ सेकंद. नऊ सेकंद जास्त, म्हणजे नापास.

ती खाली आली. हॅगर्टी म्हणाला, "थोडक्यात गेलं, मुली. नव्वद दिवसांनी पुन्हा ये." इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण कोण कुणाला तू म्हणतंय ते बरोबर ऐकू येतं. तिने फॉर्म हातात घेतला, माझा आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. सही केली, झाडू उचलला आणि कामाला गेली.

नियम असा होता की तीन संधी मिळतात. तीनदा नापास झालं की नाव कायमचं कटतं. एप्रिलमध्ये आणखी दोघांनी परीक्षा दिली, दोघेही गोरे, दोघांच्याही नोकरीची वर्षं तिच्या निम्मी. एकाचा ठोकळा तर घंटेसारखा हलत होता. ते पास झाले आणि क्रेनच्या यादीत त्यांची नावं लागली.

मे महिन्यात व्हर्डेल पुन्हा चढली. या वेळी खालून खुणा करायला हॅगर्टी स्वतः उभा राहिला. क्रेनवाल्याला खालचं सगळं दिसत नाही, तो खुणा करणाऱ्याच्या हातांवर चालतो, आणि 'थांब'ची खूण झाली की जागच्या जागी थांबावंच लागतं. ती अर्ध्या वाटेवर असताना हॅगर्टीने हात आडवा केला. ती थांबली. खाली कुणीही नव्हतं. तीसेक सेकंदांनी त्याने पुढे जायची खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा हात आडवा, आणि परतताना आणखी एकदा. घड्याळात सात मिनिटं चार सेकंद झाले. या वेळी मी जे दिसलं तेच लिहिलं.

खाली उतरल्यावर ती फॉर्मवर सही करेना. ती मला म्हणाली की, फोरमननी मला तीन वेळा थांबवलं, ते लिहा. हॅगर्टी म्हणाला, फॉर्मवर त्याला रकाना नाही. तिने माझ्या हातातला फॉर्म घेतला, उलटा केला आणि मागची कोरी बाजू माझ्यासमोर धरली.

"इथे भरपूर जागा आहे," ती म्हणाली.

पाळी बदलायची वेळ झाली होती, माणसं घरी जायची थांबून बघत होती. मी हॅगर्टीकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. ती मात्र हललीच नाही. सही होत नाही तोवर फॉर्म पुरा होत नाही, आणि फॉर्म पुरा होत नाही तोवर मला तिथून जाता येत नव्हतं. शेवटी मी मागे लिहिलं, तीन वेळा थांबवण्यात आलं. तिने ते दोनदा वाचलं, आणि मग सही केली.

त्यानंतर आठवड्याने ती माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे शेडच्या कडेला काचेची खोली. बाहेरून कुणालाही आतलं दिसायचं. ती झाडू घेऊन आली आणि झाडायला लागली, आणि झाडता झाडताच, मान वर न करता बोलली. बाहेरून बघणाऱ्याला झाडूवाली झाडतेय एवढंच दिसलं असतं.

आधी तिने माझं आडनाव विचारलं. कारखान्यात सगळे मला 'गाय' म्हणत, गायधनी त्यांच्या तोंडात बसत नसे. तिने ते तीनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं. मग म्हणाली, "मिस्टर गायधनी, फेब्रुवारीत किती झाले होते?"

मी म्हटलं, फॉर्मवर आहेत तेवढेच.

"आमच्या चर्चमध्ये कुणी गेलं की एक गाणं म्हणतात," ती म्हणाली. "चार कडवी. तेरा वर्षांची असल्यापासून मी ते म्हणतेय. माझ्या नवऱ्याच्या वेळीही मीच म्हटलं. ना घाई करून चालत, ना रेंगाळून. पाच मिनिटं चाळीस सेकंद लागतात, कधीही मोजा. वर केबिनमध्ये मी तेच म्हणत होते, म्हणजे हात घाई करत नाहीत. ठोकळा टेकला तेव्हा मी शेवटच्या शब्दावर होते."

माझ्या टेबलाखालचा कचरा तिने ओढून काढला. मी पेन खाली ठेवलं. मग सांगायला लागलो. परीक्षेच्या दिवशी सकाळी हॅगर्टी याच खोलीत आला होता. माझ्या व्हिसाचे कागद जूनमध्ये कंपनीच्या सहीसाठी जाणार आहेत ना, असं त्याने विचारलं. माझ्या बायकोला कितवा महिना आहे तेही विचारलं. जाता जाता म्हणाला की स्टॉपवॉचचा काही भरवसा नसतो, कधी कधी ती मागे पडतात, अनुभवी माणूस ते लक्षात घेऊन आकडा लिहितो. त्याने मला खोटं लिही असं एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. मला ते न सांगताच कळलं होतं.

मी हे सगळं तिला सांगत होतो आणि मनातून वाट बघत होतो की ती म्हणेल, समजू शकते.

ती म्हणाली, "तुमची अडचण काय होती ते विचारायला मी आले नाही. मला आकडा हवाय."

"पाच एकेचाळीस," मी म्हटलं.

तिने मान हलवली. ती रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं, पण तिने फक्त सुपलीत कचरा भरला. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "ऑगस्टमध्ये माझी शेवटची संधी आहे. त्या दिवशी घड्याळ खाली पोटाशी धरू नका. वर धरा."

ऑगस्टमध्ये उकाडा असा होता की शेडमध्ये श्वास घेतला तरी घसा भाजायचा. परीक्षा जेवणाच्या सुट्टीत ठेवली होती, म्हणजे बघायला कुणी थांबणार नाही असा हॅगर्टीचा हिशेब असावा. व्हर्डेल आली. या वेळी तिच्याकडे झाडू नव्हता. तिच्या हातात युनियनच्या नियमांचं छोटं पुस्तक होतं. शिडीपाशी उभं राहून तिने त्यातलं एक कलम मोठ्याने वाचलं. परीक्षेत खालून थांबवलं गेलं तर तेवढा वेळ मोजायचा नाही. मेमध्ये हे कलम तिला माहीत नव्हतं. नंतर तिने पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं होतं. हॅगर्टी म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे, चढ आता.

पण ती चढली नाही. ती शेडच्या दाराकडे बघत राहिली.

तेव्हा कोक भट्ट्यांवरची माणसं आत यायला लागली. काळी माणसं, त्यात भट्टीच्या काजळीने आणखी काळी झालेली, डब्याचा घास तोंडात असलेली. दोघं आले, पाच आले, मग रांगच लागली. साठेक असतील. ती भिंतीला धरून एका ओळीत उभी राहिली. कुणी बोललं नाही, कुणी हसलं नाही. आणि मग प्रत्येकाने आपलं घड्याळ काढलं. कुणाचं मनगटावरचं, कुणाचं खिशातलं साखळीचं. एका म्हाताऱ्याने तर घरचं गजराचं घड्याळ काखेत मारून आणलं होतं.

हॅगर्टीने त्यांना निघून जायला सांगितलं. त्यांच्यातला एक जण अगदी नम्रपणे म्हणाला की, सुट्टी बारा चाळीसपर्यंत आहे, आम्ही फक्त जेवतोय. वरच्या गॅलरीत कारखान्याचे सुपरिंटेंडंट येऊन उभे राहिले होते. हॅगर्टीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही.

व्हर्डेल चढली. क्रेनचा आकडा हलला, आणि मी घड्याळ डोक्यावर धरून चालू केलं. त्याच वेळी साठ माणसांनी माना खाली घालून आपापली वेळ पाहिली.

हॅगर्टीने तिला चार वेळा थांबवलं. चारही वेळा ती तिथल्या तिथे थांबली, ठोकळा तसूभर झुलला नाही, आणि चारही वेळा मी घड्याळ थांबवलं. तिसऱ्या वेळी त्याचा हात आडवा झाला तेव्हा गोऱ्या कामगारांतलाच कुणीतरी म्हणाला, पुरे की आता. हॅगर्टीच्या पाठीवर शर्ट भिजून चिकटला होता. ठोकळा जागेवर टेकला.

मी मोठ्याने सांगितलं, "पाच मिनिटं बावीस सेकंद."

यात माझं शौर्य काही नव्हतं. साठ घड्याळांसमोर दुसरा आकडा सांगणं मला शक्यच नव्हतं. तिने ती व्यवस्था माझ्या भरवशावर केलेली नव्हती.

ती खाली आली. हॅगर्टीने फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, अभिनंदन, इथे सही कर. तिने पेन घेतलं नाही.

"आधी फेब्रुवारीचा फॉर्म दुरुस्त करा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता कशाला? मिळालं ना. हॅगर्टीही जवळजवळ तेच बोलला. पण तिचं गणित त्याला माहीत होतं आणि मलाही. क्रेनच्या यादीत नंबर पास झालेल्या तारखेने लागायचा. फेब्रुवारीत पास म्हणजे ती त्या दोघांच्या वर. ऑगस्टमध्ये पास म्हणजे सगळ्यांच्या खाली, आणि मंदीचे दिवस होते, कपात आली की खालचं नाव आधी जाणार.

ती हॅगर्टीशी वाद घालत बसली नाही. ती माझ्याकडे वळली आणि नुसती उभी राहिली. मेमध्ये जशी उभी होती तशीच.

माझी मुलगी तेव्हा तीन आठवड्यांची होती. व्हिसाच्या कागदांवर सही झाली होती, पण नोकरीचा करार डिसेंबरपर्यंतच होता. मला आठवतं, मी त्या क्षणी न्याय वगैरे काही मनात आणलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की ही बाई आता इथून हलणार नाही, आणि मला हिच्याकडे बघत आणखी एक मिनिटही उभं राहवणार नाही.

"फेब्रुवारीत पाच एकेचाळीस झाले होते," मी म्हटलं. "वरचे सेकंद मी लिहिले."

हॅगर्टी म्हणाला, उकाड्याने याचं डोकं फिरलंय. सुपरिंटेंडंट गॅलरीतून आत निघून गेले. व्हर्डेलने ऑगस्टच्या फॉर्मवर सही केली आणि सहीखाली लिहिलं, फेब्रुवारीचा हक्क राखून.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दाखल झालेला फॉर्म लवादाशिवाय बदलता येत नाही असं कंपनीने लेखी कळवलं. नोव्हेंबरात कपात आली. व्हर्डेल पावणेतीन महिने क्रेनवर होती, तिला खाली उतरवलं आणि तिच्या हातात पुन्हा झाडू दिला. डिसेंबरात माझा करार संपला, तो वाढवला नाही. मी बायको आणि मुलीला घेऊन इंडियानात दुसऱ्या नोकरीवर गेलो. जायच्या दिवशी शेडमधून गेलो तेव्हा ती त्याच क्रेनखाली झाडत होती. लोकांना वाटलं होतं ती नोकरी सोडेल. बहुतेक तेवढ्यासाठीच झाडू दिला असावा. तिने तो घेतला आणि दर सोमवारी सकाळी युनियनच्या ऑफिसात जाऊन आपल्या प्रकरणाची चौकशी करत राहिली. युनियनचे लोकही गोरेच होते, त्यांना ती नकोशी झाली होती. पण सोमवार आला की ती दारात हजर असे. असे सत्तर सोमवार गेले.

सत्याहत्तर सालच्या मार्चमध्ये मला पत्र आलं. लवादापुढे सुनावणी होती, साक्षीला याल का, असं तिने विचारलं होतं. पत्र चार ओळींचं होतं आणि आडनावाचं स्पेलिंग अचूक होतं. मी बसने गेलो.

कंपनीच्या वकिलाने मला एकच नीट प्रश्न विचारला. म्हणाला, तुम्ही कबूल करता की तुम्ही एकदा खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून समजायचं?

मी म्हटलं, "तेव्हा खोट्यात माझा फायदा होता. आज खऱ्यात काही नाही."

मेचा फॉर्मही पुढे आला. लवादाने तो उलटा करून मागची ओळ वाचली. मग हॅगर्टीला विचारलं की तिन्ही वेळा वाटेत कोण आलं होतं. हॅगर्टीला एकही नाव आठवलं नाही.

जेवणाआधीच निकाल सांगितला. व्हर्डेल गेन्सची तारीख फेब्रुवारीची धरावी, आणि तिला आजपासून क्रेनवर घ्यावं. मी बाहेर पायऱ्यांवर उभा राहिलो. ती आली, हातमोजे घालत. दोन वर्षं मनात घोळवलेलं मी तेव्हा बोललो. म्हटलं की मला माफ करा, त्या नऊ सेकंदांचं मला अजून फार वाईट वाटतं.

तिने ते ऐकून घेतलं. रागावली नाही, पण धीरही दिला नाही.

"तुमच्या वाईट वाटण्याचं काय करायचं ते मला माहीत नाही, मिस्टर गायधनी," ती म्हणाली. "साक्ष दिलीत, ती उपयोगी पडली."

मी विचारलं, आता कुठे, घरी? कुणी घ्यायला येतंय का? मला वाटत होतं की अशा दिवशी माणूस घरच्यांना सांगेल, चर्चमध्ये जाईल, निदान कुठेतरी बसून एक कप कॉफी पिईल.

तिने मला कारखान्याकडे जाणारी बस दाखवली. ती कोपऱ्यावरून वळत होती.

"निकालात 'आजपासून' म्हटलंय," ती म्हणाली. "तीनची पाळी आहे."

आणि ती बसकडे निघून गेली.